सागरापासून माळापर्यंत : गुहागर-विजापूर रस्त्याचा आडवा छेद

महाराष्ट्रातले गर्दीचे रस्ते बहुधा सह्याद्रीला समांतर धावतात. मुंबई-गोवा महामार्ग डोंगराच्या पश्चिम पायथ्याने जातो, पुणे-बेंगळुरू महामार्ग पूर्वेच्या बाजूने, आणि दोहोंवरचा प्रवासी शेकडो किलोमीटर गेला तरी पाऊसमानाच्या एकाच पट्ट्यात राहतो. त्याला दिसणारी माती, पिके आणि घरांची छपरे फारशी बदलत नाहीत. याउलट डोंगर ओलांडून पूर्वेकडे जाणारा रस्ता हे सगळे पट्टे एकामागून एक कापत जातो, म्हणजे भूगोलाच्या पुस्तकातला आडवा छेद तो प्रत्यक्ष भूमीवर काढून दाखवतो. चिपळूण, पाटण, कराड, विटा, जत अशी गावे जोडणारा गुहागर-विजापूर रस्ता हा अशा छेदाचा उत्तम नमुना असून, समुद्रकिनाऱ्यापासून जतपर्यंतचा त्याचा भाग तीनशे किलोमीटरांच्या आत संपतो. सहलीला निघणारे मात्र त्याच्याकडे सहसा वळत नाहीत, कारण त्यावर नाव घेण्याजोगे थंड हवेचे ठिकाण नाही.

रस्त्याचे हे टोक आणि ते टोक यांचा संबंध जुना आहे. गुहागरच्या उत्तरेला, वाशिष्ठीच्या खाडीपलीकडे असलेले दाभोळ हे बहामनी आणि पुढे आदिलशाही काळातले मोठे बंदर होते, तर विजापूर ही आदिलशाहीची राजधानी होती. त्यामुळे बंदरातला माल घाट चढून देशावर जाणे आणि देशावरचा माल बंदरात उतरणे हा व्यवहार शतकानुशतके चालला. ‘देश’ हा शब्द इथे घाटमाथ्याच्या पूर्वेकडच्या पठारी मुलखासाठी वापरला जातो. घाटातून गाडी जात नव्हती तोवर हा माल लमाणांच्या आणि वंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून जाई, आणि बैल जिथे थांबे, ओझे जिथे बदले किंवा नदी जिथे ओलांडावी लागे, तिथे पेठ वसे. या रस्त्यावरची बहुतेक छोटी शहरे अशा एखाद्या थांब्यातूनच वाढलेली आहेत, आणि ती पाहताना ‘इथे काय आहे’ याऐवजी ‘इथे काय थांबत होते’ असे विचारले, तर उत्तरे लवकर सापडतात.

गुहागरला नारळी-पोफळीच्या वाड्या समुद्राला समांतर पसरल्या आहेत. पोफळ म्हणजे सुपारीचे झाड. वाऱ्यापासून जपण्यासाठी आणि सावलीसाठी ते माडांच्या आडोशाने लावतात. घरे जांभ्याच्या चिऱ्यांची असतात. जांभा हा मुसळधार पावसाने मूळचा काळा पाषाण झिजून, त्यातले विरघळणारे घटक वाहून जाऊन मागे उरलेला लोह-ॲल्युमिनियमयुक्त दगड असून, तो खाणीत कापताना मऊ असतो आणि हवेत राहिल्यावर घट्ट होतो. म्हणून कोकणात घर बांधायचे म्हणजे एका अर्थाने पावसाने तयार केलेला दगडच रचायचा. पुढे चिपळूण येते. भरतीचे पाणी वाशिष्ठीतून जिथवर आत येते, त्या टोकाला हे शहर वसले असून, जवळच्या गोवळकोट बंदरापर्यंत गलबते येत आणि तिथून पुढचा प्रवास खुष्कीने होई. शहराचे भाग्य ज्या जागेने घडवले, तिनेच त्याचे संकटही घडवले, कारण डोंगरातून उतरणारा लोंढा आणि खाडीतून चढणारी भरती यांची गाठ नेमकी इथे पडते. २००५ मध्ये आणि पुन्हा २२ जुलै २०२१ रोजी बाजारपेठ पाण्याखाली गेली, आणि १८६४ मध्ये स्थापन झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरासारख्या जुन्या ग्रंथालयालाही दोन्ही वेळा त्याची झळ बसली.

चिपळूणनंतर कुंभार्ली घाट सुरू होतो आणि रस्ता थोड्याच अंतरात सहाशे मीटरच्या वर चढतो. वाहन वर चढत असताना डोंगराच्या पोटातून पाणी खाली येत असते, ही गोष्ट मात्र रस्त्यावरून दिसत नाही. घाटमाथ्यापलीकडे कोयना नदीवर १०३ मीटर उंचीचे धरण असून, त्याच्या शिवसागर जलाशयात सुमारे १०५ टीएमसी, म्हणजे १०५ अब्ज घनफूट, पाणी मावते. त्यातला मोठा वाटा बोगद्यांतून पश्चिमेला वळवून पोफळीच्या भूमिगत वीजगृहात सोडला जातो आणि शेवटी वाशिष्ठीला मिळतो. कोयना ही कृष्णेची उपनदी, म्हणजे तिचे पाणी निसर्गक्रमाने बंगालच्या उपसागराकडे जायचे. ते या बोगद्यांमुळे अरबी समुद्राला जाते. प्रकल्पाची एकूण वीजक्षमता १,९६० मेगावॉट आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या भूकंपात कोयनानगर परिसरात सुमारे १८० माणसे दगावली, आणि जलाशयातल्या पाण्याचा भूकंपाशी असलेला संबंध जगभरच्या अभ्यासकांना त्यानंतर कोयनेचे उदाहरण दिल्याशिवाय मांडता आलेला नाही.

हेळवाकजवळ कोयना एक काटकोन घेते. महाबळेश्वराजवळ उगम पावून दक्षिणेकडे वाहत आलेली ही नदी इथे पूर्वेला वळते, आणि रस्ता तिचा हात धरून पाटणमार्गे कराडला पोहोचतो. हा टप्पा साऱ्या मार्गावरचा सर्वांत देखणा मानावा लागेल: एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला सपाट माथ्यांचे डोंगर, आणि उतारावर टप्प्याटप्प्याने बांधलेली भाताची खाचरे. पाटणला केरा नदी कोयनेला मिळते. संगमावर बाजाराचे गाव वसण्याचा हा साधा नियम इथे एकदा लहान आकारात दिसतो आणि कराडला मोठ्या आकारात. कराडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात व एकत्र पूर्वेला वळतात. या दुर्मीळ भेटीमुळेच त्या जागेला प्रीतिसंगम म्हणतात, आणि यशवंतराव चव्हाणांची समाधी तिथेच आहे. जुन्या लेखांतले करहाटक ते हेच. आगाशिवच्या डोंगरातली बौद्ध लेणी, गावातली नकट्या रावळाची विहीर आणि आदिलशाही काळातल्या मशिदीचे मनोरे यांच्यावरून हे गाव किती राजवटींच्या वाटेवर होते ते कळते.

कराडच्या पूर्वेला, रेल्वे स्थानकापाशी ओगलेवाडी आहे. ओगले बंधूंच्या काच कारखान्यामुळे वसलेल्या या वाडीतून निघालेला ‘प्रभाकर’ कंदील एके काळी महाराष्ट्रातल्या घराघरांत टांगलेला असे. कारखाना बंद पडला, वीज आली, कंदील अडगळीत गेला. नाव मात्र स्थानकाच्या परिसराला चिकटून राहिले आहे.

इथून पुढे पाऊस झपाट्याने घटतो. अरबी समुद्रावरून आलेले ढग घाट चढताना थंड होऊन बरसतात आणि माथा ओलांडल्यावर उतरती हवा तापून कोरडी होते, म्हणून डोंगराच्या पूर्वेला जो कमी पावसाचा पट्टा तयार होतो त्याला पर्जन्यछाया म्हणतात. कोयनानगरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, तर तिथून जेमतेम शंभर किलोमीटरवरच्या विटा-खानापूर भागात तो पाचशे-सहाशेवर येतो. हा फरक आकड्यांपेक्षा ताटात लवकर कळतो. गुहागरला तांदळाची भाकरी, घाटमाथ्यावर नाचणीची, कराडला ज्वारीची, खानापूरच्या माळावर बाजरीची, आणि जतच्या पुढे पापडासारखी पातळ कडक भाकरी व शेंगाचटणी, असा क्रम लागतो. छपरेही अशीच बदलतात: कोकणात पाणी झटकून टाकणारे उतरते कौल, तर पूर्वेला माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवर माती पसरून केलेले सपाट धाबे, ज्याच्यावर धान्य वाळवता येते आणि उन्हाळ्यात झोपताही येते. सिमेंटच्या स्लॅबने दोन्हीकडचे हे वेगळेपण पुसत आणले आहे, त्यामुळे जुने माळवद दिसले की ते नीट पाहून घ्यावे.

ज्या मुलखाला पाणी नसते तो माणसे बाहेर पाठवतो, आणि विट्याच्या परिसराने ती गलाईवाले म्हणून पाठवली. गलाई म्हणजे जुने सोने गाळून शुद्ध करण्याचा धंदा. यात एक गंमत अशी की सोने शुद्ध करायचे तर आधी त्यात जास्तीची चांदी मिसळून त्याचा कस उतरवावा लागतो, कारण तसे केल्याशिवाय तेजाबाला, म्हणजे नायट्रिक आम्लाला, धातूच्या आतपर्यंत शिरता येत नाही. मग आम्ल चांदी-तांबे विरघळवून नेते, तळाशी तपकिरी भुकटी उरते, आणि ती मुशीत वितळवली की पिवळे सोने हाती येते. खानापूर-आटपाडी भागातली कुटुंबे हे काम घेऊन केरळ-तमिळनाडूपासून उत्तर भारतापर्यंत सराफ बाजारांत पोहोचली आहेत. माळावरच्या एखाद्या लहानशा गावात अनपेक्षितपणे मोठा बंगला आणि संगमरवरी मंदिर दिसते, त्यामागे बहुधा दूरच्या एखाद्या गल्लीतली अशी भट्टी असते.

खानापूर, भिवघाट, नागज या टप्प्यात गावापेक्षा फाटा महत्त्वाचा ठरतो. फाटा म्हणजे मुख्य रस्त्यापासून गावाकडे वाट फुटते ती जागा. पूर्वी तिथे एखादे झाड आणि एसटीची निवारा-शेड एवढेच असे, आता खताचे दुकान, वडापावची गाडी, पंक्चरवाला आणि मोबाइलचे दुकान यांची रांग असते. रस्ता रुंद झाला, सावलीची जुनी झाडे गेली आणि वाहने गावाला वळसा घालून पुढे जाऊ लागली, तेव्हा गावची पेठच उठून फाट्यावर आली. ज्या नियमाने बैलांच्या तळावर चिपळूण-कराड वाढले तोच नियम इथे चालू आहे. फक्त या नव्या वस्तीला अजून देऊळ, पार आणि नदी मिळालेली नाही.

जत तालुक्यात रस्त्याकडेच्या बोलण्यात कन्नड मिसळू लागते. डफळे घराण्याच्या या जुन्या संस्थानात मार्गशीर्षात यल्लम्मादेवीची यात्रा भरते आणि तिच्यात खिलार जनावरांचा बाजार. उंच, पांढऱ्या, मागे वळलेल्या लांब शिंगांची ही जात कमी चाऱ्यावर काम करते, म्हणूनच या कोरड्या पट्ट्यात टिकली. याच तालुक्यातल्या उमराणीला १६७३ मध्ये मराठ्यांचे सेनापती प्रतापराव गुजर यांनी आदिलशाही सरदार बहलोलखानाच्या फौजेला पाण्यावाचून कोंडले होते. मुलूख कोणता आहे हे ओळखून केलेला तो डाव होता. आज कराडजवळ टेंभूला कृष्णेचे पाणी विजेच्या पंपांनी टप्प्याटप्प्याने उचलून खानापूर-आटपाडीच्या माळावर नेले जाते, आणि मिरजेजवळच्या म्हैसाळहून ते जतकडे येते. रस्त्याच्या पश्चिम टोकाला कृष्णेच्या खोऱ्यातले पाणी विजेसाठी डोंगराखाली सोडतात, पूर्व भागात वीज खर्चून त्याच खोऱ्याचे पाणी माळावर चढवतात, आणि जिथे कालवा पोहोचला आहे तिथे काळ्या-करड्या मुरमाड रानात डाळिंबाची आणि द्राक्षाची हिरवी चौकट अचानक उभी राहते, जिच्या बांधापलीकडे पुन्हा बाभळी, मेंढरे आणि कुसळे सुरू होतात.