चिनी आहारचिकित्सा

चिनी आहारचिकित्सा (चिनी नाव : शिल्याओ) ही पारंपरिक चिनी वैद्यकाची एक शाखा आहे. अन्नाच्या योग्य निवडीने शरीरातील समतोल राखणे आणि तो ढळल्यास पूर्ववत करणे, हे तिचे उद्दिष्ट होय. या परंपरेत अन्न आणि औषध यांच्यात काटेकोर सीमारेषा नाही. आले, दालचिनी, वाळवलेली चिनी बोरे असे पदार्थ स्वयंपाकघरात जसे वापरले जातात, तसेच ते वैद्याच्या काढ्यातही असतात. सर्वांसाठी एकच आदर्श आहार ही पद्धत सांगत नाही. व्यक्तीची प्रकृती, वय, ऋतू आणि प्रदेश पाहून आहार ठरवावा, असा तिचा आग्रह असतो.

इतिहास

'चौली' या प्राचीन ग्रंथात राजदरबारातील चार प्रकारच्या वैद्यांचे वर्णन असून त्यांत आहारवैद्याचा समावेश आहे. इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या शतकांत संकलित झालेल्या 'हुआंगदी नेइजिंग' या ग्रंथाने चव, अवयव आणि ऋतू यांच्या संबंधाची सैद्धांतिक मांडणी केली.

थांग राजवटीतील वैद्य सुन सिम्याओ (मृत्यू इ.स. ६८२) यांनी आपल्या ग्रंथात आहारोपचारावर स्वतंत्र प्रकरण लिहिले. वैद्याने आधी रोगाचे कारण ओळखून अन्नाने उपचार करावा आणि त्याने गुण न आल्यासच औषधाकडे वळावे, असे त्यांचे मत होते. त्यांचे शिष्य मंग शन यांचा 'शिल्याओ बनत्साओ' हा ग्रंथ आहारद्रव्यांनाच वाहिलेला आहे. इ.स. १३३० मध्ये मंगोल दरबारातील आहारतज्ज्ञ हू सिहुई यांनी 'यिनशान चंगयाओ' हा ग्रंथ सम्राटास सादर केला. ली शिचन यांच्या इ.स. १५९६ मध्ये प्रकाशित झालेल्या 'बनत्साओ गांगमू' या विशाल ग्रंथात १,८९२ द्रव्यांची नोंद असून धान्ये, भाज्या व फळे यांचे स्वतंत्र विभाग आहेत.

मूळ संकल्पना

या विचारानुसार शरीरात यिन (शीत, स्निग्ध, शांत) आणि यांग (उष्ण, शुष्क, चल) ही परस्परपूरक तत्त्वे असतात आणि 'छी' ही जीवनशक्ती शरीरभर वाहते. यांपैकी एका तत्त्वाचे आधिक्य किंवा न्यूनता म्हणजे असमतोल. तो दूर करण्यासाठी विरुद्ध गुणाचे अन्न दिले जाते. अन्नाचे गुण पुढीलप्रमाणे मानले जातात :

* शीत : कलिंगड, कारले, खेकडा
* थंडावा देणारे : मूग, काकडी, नासपती
* सम : तांदूळ, गाजर
* ऊबदार : ओले आले, मेंढीचे मांस, चिनी बोर
* उष्ण : सुंठ, मिरी, दालचिनीची साल

हे गुण पदार्थाच्या स्पर्शाला जाणवणाऱ्या तापमानावर अवलंबून नसतात. मुगाचे कढण गरम प्यायले तरी ते थंडावा देणारेच मानले जाते.

याशिवाय पाच चवींचा पाच अवयवांशी संबंध जोडलेला आहे : आंबट व यकृत, कडू व हृदय, गोड व प्लीहा, तिखट व फुप्फुस, खारट व वृक्क. मात्र ही नावे शरीररचनाशास्त्रातील अवयवांची समजू नयेत. चिनी वैद्यकात 'प्लीहा' हा शब्द मुख्यतः पचनाच्या कार्यासाठी येतो. आधुनिक शरीरशास्त्रात प्लीहेचे काम रक्त आणि रोगप्रतिकार यांच्याशी निगडित आहे.

व्यवहारातील उदाहरणे

एकाच तक्रारीवर दोन व्यक्तींना वेगळा आहार सुचवला जाऊ शकतो. सर्दीत थंडी वाजत असेल व घाम येत नसेल, तर आले आणि पातीच्या कांद्याचा काढा देतात. घसा लाल होऊन दुखत असेल, तर शेवंतीच्या फुलांचा चहा योग्य मानला जातो. कोरड्या खोकल्यावर खडीसाखरेत शिजवलेले नासपती हा लोकप्रिय घरगुती उपाय आहे. खेकडा शीत मानला जात असल्याने तो आल्याबरोबर खाण्याची रीत आहे. उष्ण व दमट ग्वांगतुंग प्रांतात वनस्पतींचा 'ल्यांगछा' नावाचा काढा शरीरातील उष्णता कमी करण्यासाठी पितात. प्रसूतीनंतर सुमारे महिनाभर स्त्रीला थंड पदार्थ वर्ज्य करून आले घातलेले ऊबदार अन्न दिले जाते.

आयुर्वेदाशी तुलना

मराठी वाचकाला यातील बरेचसे ओळखीचे वाटेल. पदार्थ 'उष्ण पडणे' किंवा 'बाधणे' ही आपल्याकडील भाषा आणि बाळंतिणीसाठी केले जाणारे डिंकाचे व अळिवाचे लाडू यांमागेही अशीच कल्पना आहे. मूग दोन्ही परंपरांत थंड मानला जातो. तरीही या पद्धती एकच नव्हेत. आयुर्वेदात रस सहा आहेत. चिनी पद्धतीत चवी मुख्यतः पाच असून तुरट चव सहसा आंबट चवीतच गणली जाते. आयुर्वेदाने मध तापवणे निषिद्ध मानले आहे, तर चिनी औषधनिर्मितीत वनौषधी मधात परतण्याची पद्धत रूढ आहे.

वैज्ञानिक मूल्यमापन

यिन, यांग आणि छी यांचे अस्तित्व आधुनिक विज्ञानाने प्रमाणित केलेले नाही. पदार्थांचे शीत-उष्ण वर्गीकरणही त्यांतील पोषणद्रव्यांशी सरळ जुळत नाही. मात्र परंपरेतील काही निरीक्षणे अचूक ठरली आहेत. रातांधळेपणावर प्राण्यांचे यकृत आणि गलगंडावर समुद्रशैवल हे सुन सिम्याओ यांच्या काळातील उपाय होते. यकृतात अ जीवनसत्त्व, तर शैवलात आयोडीन विपुल असते, हे पुढे सिद्ध झाले. उपाय उपयुक्त ठरला म्हणून त्यामागची उपपत्तीही खरी ठरते, असे मात्र नाही.

काही समजुती तपासणीत टिकल्या नाहीत. खेकडा व तेंदूवर्गातील पर्सिमॉन हे फळ यांसारख्या 'विषारी' मानल्या गेलेल्या जोड्यांपैकी काहींची चाचणी जीवरसायनशास्त्रज्ञ चंग ची यांनी १९३५ मध्ये नानचिंग येथे प्राण्यांवर आणि स्वतः खाऊनही केली. त्यांत विषबाधा आढळली नाही.

दक्षता

ताजे, ऋतुमानानुसार, विविध आणि बेताचे अन्न घ्यावे, या सल्ल्याला आधुनिक आहारशास्त्राचाही विरोध नाही. धोका संभवतो तो गंभीर आजारावरील औषध थांबवून केवळ आहारावर विसंबल्यास. 'नैसर्गिक' पदार्थही निरुपद्रवी असतीलच असे नाही. ज्येष्ठमधाच्या अतिसेवनाने रक्तदाब वाढतो व रक्तातील पोटॅशियम घटते. सूप आणि काढ्यांत वापरले जाणारे 'तांगग्वेई' हे मूळ रक्त पातळ करणाऱ्या औषधांचा परिणाम वाढवू शकते. त्यामुळे गर्भवती, मधुमेही आणि नियमित औषधे घेणाऱ्या व्यक्तींनी डॉक्टरांचा सल्ला घेणे आवश्यक ठरते.