उमेदवाराचे शपथपत्र वर्गात वाचताना

भाऊ रुक्मीने ठरवलेला शिशुपाल नाकारून स्वतःची निवड स्वतः करणाऱ्या रुक्मिणीचे माहेर म्हणजे तिवसा तालुक्यातले वर्धाकाठचे कौंडण्यपूर. 'घरचे सांगतील त्याला मत' ही सवय मोडायची, तर इथल्या मुलांसाठी याहून जवळची कथा नाही. याच तालुक्यात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची मोझरी आहे. मताची जबाबदारी त्यांनी ग्रामगीतेत आवर्जून समजावली आहे.

स्वतः निवडायचे, तर आधी माहिती हवी. उमेदवाराची माहिती मिळणे हा मतदाराचा हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये दिला. आज लोकसभा-विधानसभेच्या उमेदवाराला 'नमुना 26' मध्ये शपथपत्र द्यावे लागते. त्यात प्रलंबित गुन्हे, शिक्षा, स्वतःची, जोडीदाराची व अवलंबितांची मालमत्ता, कर्ज, शिक्षण असते. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ते कुणालाही फुकट वाचता येते.

एकाच उमेदवाराची 2019 आणि 2024 ची शपथपत्रे मुलांपुढे ठेवावीत. मालमत्ता किती वाढली, कोणते खटले नवे, हे त्यांनीच शोधावे. गुन्हा दाखल होणे आणि सिद्ध होणे यातला फरक मात्र शिक्षकांनी आधी नीट सांगावा. पक्षाचे नाव घेऊन कौल मागणे वर्गात नकोच.

शपथपत्र कामाचा हिशेब देत नाही. त्यासाठी ग्रामसभेत बसावे, विधानसभेत आमदाराने कोणते प्रश्न विचारले ते पाहावे.

सतरा वर्षे पूर्ण झालेल्यांना मतदार नोंदणीसाठी 'नमुना 6' आगाऊ भरता येतो. अकरावी-बारावीच्या शिक्षकांनी तो वर्गातच भरून घ्यावा.