भिंतीविना बालवाडी आणि तिचा परवाना



या पानावर एरवी आपण बेणे, खोडवा, ठिबक, उतारा यांविषयी वाचता. या वेळी विषय थोडा वेगळा घेत आहोत. तो ऊसशेतीचा नाही, पण ऊसशेतीपासून फार लांबचाही नाही.

तीन ते सहा वर्षांच्या मुलांना खोलीत न कोंडता झाडाखाली, माळावर, रानात सांभाळायचे आणि तिथेच शिकवायचे, अशा बालवाड्या काही देशांत चालतात. सरकार त्यांना रीतसर परवाना देते, नियम लावते, तपासणीही करते. आता भिंतच नाही तर परवाना कशाचा द्यायचा, असे कुणीही विचारील. तिकडच्या सरकारी खात्यालाही हाच प्रश्न पडला होता. त्यांनी तो कसा सोडवला हे आपण समजून घ्यावे, असे आम्हाला वाटते. कारण गळिताच्या हंगामात आपल्या फडाच्या बांधावरही लहान मुले दिवसभर उघड्यावरच असतात. त्यांच्यासाठी मात्र ना नियम, ना सांभाळणारे जाणते माणूस.

रानातल्या बालवाडीची सुरुवात

डेन्मार्कमध्ये १९५० च्या दशकात एला फ्लाटाउ या बाईंनी मुलांना रोज रानात नेऊन सांभाळण्याची रीत सुरू केली. जर्मनीत १९६८ साली वीसबाडेन येथे अशीच एक बालवाडी निघाली. पण तिला सरकारदरबारी मान्यता मिळवून देणारी वाट पडली ती १९९३ साली, फ्लेन्सबुर्ग या उत्तरेकडच्या गावात. दोन शिक्षिकांनी चालवलेली तिथली बालवाडी मान्यताप्राप्त झाली आणि मग गावोगाव तिचे अनुकरण झाले. आज जर्मनीत अशा दोन हजारांहून अधिक बालवाड्या आहेत.

एका गटात साधारण १५ ते २० मुले आणि निदान दोन मोठी माणसे. सकाळी सगळे जमतात ते चाकांवरच्या एका लाकडी गाडीपाशी. रस्त्यावर काम करणाऱ्या मजुरांना राहायला असते तसली ही गाडी. थंडीवाऱ्यात आसरा, सुक्या कपड्यांची जागा आणि कागदपत्र ठेवायचे कपाट, सगळे तीत. पाऊस असला तरी मुले बाहेरच. पण वादळाचा इशारा आला की झाडीत जायचे नाही, ही शिस्त कडक. चालवण्याचा परवाना इतर बालवाड्यांप्रमाणे यांनाही घ्यावाच लागतो.

वॉशिंग्टन राज्यातली अडचण

परवान्याचा खरा पेच पडला अमेरिकेत. तिथल्या वायव्य कोपऱ्यात, पॅसिफिक समुद्राच्या काठी, वॉशिंग्टन नावाचे राज्य आहे. (राजधानीचे शहर ते वेगळे.) सफरचंदाच्या बागांचा आणि पश्चिमेकडे भरपूर पावसाचा हा मुलूख. सिअ‍ॅटल शहराच्या आसपास अनेकांनी बागांत आणि रानात बालवाड्या सुरू केल्या होत्या. पालकांची मागणी होती, मुले आनंदात होती. पण परवाना मिळेना.

कारण साधे होते. परवान्याचा कायदा इमारत डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेला. प्रत्येक मुलामागे खोलीत ३५ चौरस फूट जागा हवी, असे त्यात मोजमाप. ज्या बालवाडीला खोलीच नाही तिचे ३५ फूट कुठून मोजायचे?

बरे, परवान्यावाचून चालवायची सोय कायद्यात होती, पण ती दिवसाला चार तासांच्या आत. म्हणजे मूल सकाळी सोडायचे आणि दुपारच्या आत घरी न्यायचे. ज्या घरात आई-बाप दोघेही दिवसभर कामाला जातात त्यांना हे कसे परवडावे? आणि कमी मिळकतीच्या पालकांना मुलांच्या सांभाळासाठी सरकारी मदत मिळते, तीही परवानाधारक ठिकाणीच. झाले काय, की झाडाखालची बालवाडी, जिला ना सिमेंट लागते ना पत्रा, ती सुखवस्तू घरांच्याच वाट्याला आली. कष्टकऱ्यांच्या पोरांना ती बंद.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नियम म्हटले की आपल्याला कटकट वाटते. कारखाना चालवताना आपल्याला त्याचा अनुभव काही थोडा नाही. पण वॉशिंग्टनमध्ये बालवाडी चालवणारेच म्हणू लागले, की आम्हाला नियम लावा. कारण नियमात बसल्यावाचून गरिबाचे मूल त्यांच्याकडे येऊच शकत नव्हते.

२०१७ साली तिथल्या विधिमंडळाने कायदा करून प्रायोगिक योजना सुरू केली. निवडक बालवाड्या आणि सरकारी खाते यांनी मिळून चार वर्षे नियम करून पाहिले, बदलले, पुन्हा करून पाहिले. २०२१ साली हा परवाना कायद्याने कायम झाला. उघड्यावरच्या बालवाडीला असा परवाना देणारे अमेरिकेतले ते पहिले राज्य. आपण एखादे नवे बेणे आधी थोड्या रानात लावतो, उगवण बघतो, मग क्षेत्र वाढवतो. तीच ही रीत.

नियमात काय आहे

पहिली गोष्ट व्याख्येची. दिवसातले चार तास, किंवा बालवाडीच्या एकूण वेळेच्या निम्मा वेळ, यांपैकी जे कमी असेल तेवढा काळ मुले खात्याने मान्य केलेल्या मोकळ्या जागेत असली पाहिजेत आणि शिकवणेही निसर्गाला धरून असले पाहिजे. नुसते पैसे वाचवायला इमारत टाळली, तर ती यात बसत नाही.

दुसरी गोष्ट माणसांची. भिंत नाही, कुंपण नाही, म्हणून मुलांमागे मोठी माणसे पुरेशी हवीत. हद्द ठरवून द्यायची, अमुक झाडाच्या पलीकडे जायचे नाही म्हणून मुलांना ती दाखवायची आणि पुन्हा पुन्हा डोकी मोजायची.

तिसरी गोष्ट रोजच्या गरजांची. प्यायचे पाणी, हात धुण्याची सोय, संडास, ऊन-पावसाला आसरा. पक्के बांधकाम नसले तरी चालते, पण सोय असल्यावाचून चालत नाही. थंडी, उष्मा, वादळ आणि वणव्याचा धूर यांत मुलांना कधी आत न्यायचे किंवा सुट्टी द्यायची, हे आधीच ठरवून कागदावर ठेवावे लागते. कुणाला लागले-खुपले तर गाडी कुठपर्यंत येते, निरोप कसा द्यायचा, हेही लिहून ठेवायचे.

चौथी गोष्ट आम्हाला सर्वांत मोलाची वाटली. ती म्हणजे धोक्याची पारख. मुलांच्या वाटेतले सगळेच धोके दूर करायचे, असे हे लोक म्हणत नाहीत. जो धोका मुलाला दिसतो आणि ज्यातून ते शिकते, तो राहू द्यायचा. ढेकळाच्या ढिगावर चढणे, ओल्या बांधावरून तोल सांभाळत जाणे, हे त्यातले. पण जी घातकी गोष्ट मुलाला कळतच नाही, ती मोठ्यांनी हटवायची किंवा मुलाला तिच्यापासून दूर ठेवायचे. डोक्यावरची कुजकी फांदी, खोल पाणी, विषारी झुडूप ही त्यातली. जागा वापरण्यापूर्वी शिक्षिकेने फिरून ही पाहणी करायची.

एकूण पाहता इमारतीची मापे बाजूला ठेवून त्यांनी राखणीची मापे लावली. कष्ट कमी झाले नाहीत. कागद वाढले, माणसे जास्त लागली, सार्वजनिक जागेसाठी जागामालक खात्याची परवानगी काढावी लागली. पण दिवसभराचा सांभाळ आणि सरकारी मदत, दोन्ही वाटा मोकळ्या झाल्या.

बोर्डी-कोसबादची वाट

हे सगळे परदेशातले, आपल्याला काय त्याचे, असे कुणी म्हणेल. पण हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. वस्तीतली मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसल्यावर या बाईंनी बालवाडीच वस्तीवर नेली आणि अंगणात भरवली. अंगणवाडी हे नाव त्यातूनच रूढ झाले. पुढे हे काम आजच्या पालघर जिल्ह्यातल्या कोसबादच्या टेकडीवर गेले. तिथली आदिवासी मुले गुरे राखायला माळावर जात. मग शिक्षकच गुरांमागे माळावर गेले. ती कुरणशाळा. चौकटीतल्या शाळेचे नियम धरून बसले असते तर ती मुले शाळाबाह्य म्हणून लिहिली गेली असती, इतकेच.

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने ३३ प्रकल्पांतून एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि अंगणवाडी देशभर पोचली. नाव अंगणाचे राहिले, पण हळूहळू तीही खोलीत आणि एका गावाच्या हजेरीपटात स्थिर झाली.

आता आपल्या फडाकडे

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर, जालना आणि इतर भागांतून टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल घेतलेली, मुकादमाच्या हाताखाली. पहाटे अंधारात जोडी फडात जाते. लहान मूल कोपीवर कुणाजवळ ठेवणार? ते बरोबर येते आणि पाचटावर फडकी टाकून निजते. त्याला राखायला आठ-दहा वर्षांची थोरली बहीण, म्हणजे तिचीही शाळा बुडाली.

आता वर सांगितलेली धोक्याची पारख इथे लावून पाहा. विनाकठड्याची विहीर. मागे सरकणारा ट्रॅक्टर आणि ट्रेलर. पेटवलेले पाचट. धारेचा कोयता. साप. आणि अलीकडे उसात बिबट्याही. यांतला एकही धोका तीन वर्षांच्या मुलाला कळण्यासारखा नाही.

कायद्याने काय दिले आहे? २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाचा. साखरशाळाही मोठ्या मुलांच्याच. १९४८ च्या कारखाने कायद्यात पाळणाघराचे कलम होते, आधी ५० आणि १९७६ च्या दुरुस्तीनंतर ३० हून अधिक स्त्रिया कामाला असल्या तर. त्या कायद्याच्या जागी नोव्हेंबर २०२५ पासून नवी कामगार संहिता आली आणि तीतही पाळणाघराची तरतूद आहे. पण हा सगळा हिशेब आस्थापनेच्या पटावरच्या माणसांचा. फडातली बाई मुकादमाच्या करारावर येते. ती नेमकी कुणाच्या पटावर, हा वाद जुनाच आहे.

मात्र दोन आधार पक्के आहेत. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला स्थानिक अंगणवाडीतून आहार मिळण्याचा हक्क आहे. आणि सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ रोजी सांगितले आहे, की ज्या ग्रामीण वस्तीत सहा वर्षांखालची निदान ४० मुले आहेत पण अंगणवाडी नाही, तिने मागणी केल्यास तीन महिन्यांत अंगणवाडी द्यावी. अडचण अशी, की तीन महिन्यांत आपला निम्मा हंगाम उलटतो आणि टोळीचा तळही हलतो. इमारतीच्या मापाने इथे काम होणार नाही. लागेल ती तळाबरोबर हलणारी, झाडाखालची, पण नियमाने बांधलेली बालवाडी.

सभासदांच्या शंका

काही सभासद म्हणतील, हे मुकादमाचे काम. पण मुकादमाचा व्यवहार कोयत्यांचा आहे, मुलांचा नाही. कुणी म्हणेल, आया मुलांना सोडणार नाहीत. अनोळखी माणसाजवळ नाही सोडणार, हे खरेच. टोळीतलीच एखादी प्रौढ बाई मदतनीस म्हणून घेतली तर गोष्ट वेगळी होईल. खर्चाची शंका आहे, पण सावलीचे कापड, पाण्याची टाकी, हलवता येणारा संडास आणि दोन बायकांचा पगार, एवढ्यापासून सुरुवात होऊ शकते.

खरी वजनदार शंका वेगळी आहे. उद्या कारखान्याने मुले सांभाळायला घेतली आणि काही विपरीत घडले, तर बोट आपल्याकडेच वळेल, असे काहींना वाटते. ही भीती खोटी नाही. म्हणूनच परवान्याचे महत्त्व आहे. मुलामागे माणसे किती, हद्द कशी आखायची, तपासणी कोण करणार, हे सरकारने लिहून दिले तर चालवणाऱ्यालाही त्याचा आधार होतो. नियम नसला की पुढे येणाराच दोषी ठरतो, म्हणून कुणी पुढे येत नाही आणि मूल बांधावरच राहते. वॉशिंग्टनच्या चार वर्षांच्या प्रयोगातून आपण घ्यायचा धडा हाच.

तेव्हा आमचे म्हणणे एवढेच, की आपल्यासारख्या कारखान्यांनी मिळून महिला व बालविकास खात्याकडे अशा फिरत्या, उघड्यावरच्या बालवाडीसाठी प्रायोगिक नियमांची मागणी करावी. एका गटात, एका तळावर, एक हंगाम ती चालवून पाहावी.

आणि खात्याच्या उत्तराची वाट न पाहता करता येईल असे एक काम आहे. टोळी आली की चिटबॉय यादी करतो. कोयते किती, बैलगाड्या किती, ट्रॅक्टर किती. त्या यादीत सहा वर्षांखालची मुले किती, हा एक रकाना वाढवावा. ४० चा आकडा भरतो की नाही, हे त्यावाचून कळायचे नाही. शेतकी खात्याने आणि गट कार्यालयांनी यंदाच्या हंगामापासून हे मनावर घ्यावे. फड ज्यांचा आहे त्या सभासदांनीही तोड सुरू होण्याआधी बांधावर एक फेरी मारावी आणि विहिरीभोवती निदान काट्यांची फांदी तरी लावून घ्यावी.