एका पायावरचा तोल

साठ किलो वजनाचा माणूस चालताना एक पाऊल उचलतो. त्या क्षणी जमिनीवर टेकलेल्या पायाच्या खुब्यावर किती भार येत असेल? साठ किलो, असं सहज वाटतं. प्रत्यक्षात तो दीडशे किलोच्या घरात जातो. असं दिवसाकाठी हजारो वेळा घडतं, तरी अनेकांचे खुबे सत्तरी ओलांडेपर्यंत कुरकुरत नाहीत.

शाळेच्या पुस्तकात याला उखळीचा सांधा म्हटलेलं असतं. मांडीच्या हाडाचा गोल माथा कंबरेच्या हाडातल्या खोलगट वाटीत बसतो. दोन्ही हाडांवर गुळगुळीत कूर्चेचा थर असतो आणि भोवती चिवट संधिकोश. या कोशाचं आतलं नाजूक अस्तर रक्तातून द्रव गाळतं आणि त्यात हायल्युरोनिक आम्ल मिसळतं. त्यातून अंड्यातल्या पांढऱ्या बलकासारखं दाटसर वंगण तयार होतं. सांध्यात ते जेमतेम काही मिलिलिटर असतं, पण त्याचं काम मोठं आहे. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. भार पडला की तिच्यातला द्रव बाहेर येतो, भार हलका झाला की ती तो पुन्हा शोषून घेते. तिचं पोषण मुख्यतः याच द्रवातून होतं. म्हणून सांध्याला हालचाल लागतेच. कूर्चेत मज्जातंतूही नसतात. त्यामुळे दुखायला लागेपर्यंत झीज बरीच पुढे गेलेली असू शकते.

सांधा हलवतात आणि सावरतात ते नितंबाचे तीन स्नायू. सर्वांत वरचा ग्लुटिअस मॅक्सिमस हा शरीरातला सर्वांत मोठा स्नायू. सपाट रस्त्यावर चालताना त्याला फारसं काम नसतं. जिना चढताना, धावताना, उकिडवं बसून उठताना मात्र तो पुरता कामाला लागतो. तालमीत बैठका मारणाऱ्याच्या मांड्यांकडे सगळ्यांचं लक्ष जातं, पण उठताना शरीर वर ढकलण्यात या स्नायूचा वाटाही मोठा असतो.

त्याच्याखाली ग्लुटिअस मीडिअस आणि मिनिमस असतात. दिसत नाहीत, पण माणसाचं चालणं त्यांच्यावर उभं आहे.

दीडशे किलोचा हिशेबही त्यांच्यापाशीच लागतो. एका पायावर उभं राहिल्यावर उरलेल्या शरीराचं, म्हणजे सुमारे ५० किलो वजन खुब्याच्या आतल्या बाजूला पडतं आणि कंबर तिकडे कलायला बघते. तिला हे दोन स्नायू बाहेरच्या बाजूने खेचून धरतात. पण सांध्यापासून त्यांचं अंतर वजनाच्या अंतराच्या साधारण निम्मंच असतं, म्हणून त्यांना दुप्पट, १०० किलोंची ओढ लावावी लागते. वजन आणि ओढ, दोन्हींचा भार सांध्यावर येतो.

हे स्नायू दुबळे झाले, तर उचललेल्या पायाच्या बाजूची कंबर खाली झुकते. जर्मन शल्यविशारद फ्रीडरिश ट्रेंडेलेनबुर्ग यांनी १८९५ मध्ये हे लक्षण मांडलं. त्यांच्या नावाची चाचणी डॉक्टर आजही करतात. तिला यंत्र लागत नाही, रुग्णाला एका पायावर उभं केलं की पुरे.

सांधा झिजला की तो बदलता यावा, यासाठी इंग्लंडमधल्या राइटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्नली झटत होते. आधी त्यांनी वाटीसाठी टेफ्लॉन वापरलं. ते काही वर्षांतच झिजलं आणि अनेक रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. १९६२ च्या नोव्हेंबरात त्यांनी टणक पॉलिथिलीनची वाटी बसवायला सुरुवात केली. घर्षण कमी राहावं म्हणून धातूचा माथा त्यांनी जेमतेम २२ मिलिमीटरचा ठेवला. आजची शस्त्रक्रिया याच पायावर उभी आहे.

मात्र नवा सांधा बसला तरी कंबर तोलायचं काम त्याच दोन स्नायूंचं. म्हणून शस्त्रक्रियेनंतर फिजिओथेरपिस्ट पाय बाजूला उचलण्याचे व्यायाम करून घेतात आणि काठी दुखऱ्या बाजूच्या विरुद्ध हातात देतात. दुखऱ्या खुब्यापासून लांब टेकलेली काठी थोडा जोर दिला तरी कंबर उचलून धरते. स्नायूंना तेवढं कमी ओढावं लागतं आणि सांध्यावरचा भार लगेच उतरतो.