शेवटचे चार फूट

बर्फ हलका असतो, हा समज बफेलोतल्या पहिल्याच हिवाळ्यात गळून पडतो. माझा ड्राइव्हवे दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद. त्यावर पंधरा सेंटिमीटर थर म्हणजे साडेसात घनमीटर बर्फ. भुरभुरीत असला तर साधारण पाऊण टन, ओला असला तर दोन टनांच्या वर. थंडीने रक्तवाहिन्या आधीच आकसलेल्या, त्यात ही उपसणी. बर्फ काढताना माणसं हृदयविकाराने कोसळतात ती उगाच नाही. पन्नाशी उलटल्यावर मीही बॅटरीवर चालणारं फावडं घ्यायचं ठरवलं.

दुकानात खोक्याखोक्यांवर व्होल्टचीच दवंडी: २४, ४०, ८०. '४० व्होल्ट'च्या बॅटरीत ओळीने दहा सेल असतात आणि काम चालतं ३६ व्होल्टवर. ४० हा भरगच्च चार्ज असतानाचा आकडा. किती वेळ चालेल ते वॅट-तासांवरून कळतं. ३६ गुणिले ४ अँपिअर-तास, म्हणजे १४४. विक्रेत्या पोराला हे विचारलं, तर त्याने खोकं उलटं करून माझ्याच हातात दिलं.

पण मला विचाराल तर सगळ्यात आधी वजन बघावं. हे यंत्र स्वतःहून पुढे जात नाही. ढकलायचं आपण, उचलायचंही आपणच. मी बॅटरी बसवायला लावली आणि ८० व्होल्टवालं हातात धरून नुसता उभा राहिलो. तिसऱ्या मिनिटाला मनगट बोलायला लागलं. ते परत फळीवर गेलं आणि ४०वालं घरी आलं.

ईरी सरोवर गोठेपर्यंत आमची सुटका नसते. गार वारा त्या मानाने कोमट पाण्यावरून येतो, वाफ उचलतो आणि आमच्या दारात ओततो. नोव्हेंबर २०२२ मध्ये जवळच्या ऑर्चर्ड पार्कात सुमारे ८० इंच बर्फ पडला होता. अशा वेळी फूटभर रुंदीचं हे खेळणं काय करणार? एका दमात ते पाच-सहा इंचच खातं. म्हणून पडून थांबायची वाट बघायची नाही, पडत असतानाच फेऱ्या मारायच्या.

मोठ्या यंत्रांना बर्फ बाजूला फेकायला वळती नळी असते. ह्याला नाही. जिकडे तोंड, तिकडे बर्फ. पहिल्या दिवशी वाऱ्याकडे तोंड केलं आणि उडवलेला सगळा बर्फ चष्म्यावर परत घेतला. आता वारा पाठीशी ठेवून तिरके पट्टे काढतो. ओला बर्फ पात्यांत चिकटून भिजल्या रव्यासारखा घट्ट बसतो. तो बॅटरी काढून काठीने सोडवायचा, बोटांनी नाही. बॅटरीचा मुक्काम घरात, कणकेच्या डब्याशेजारी. गारठलेली लिथियम बॅटरी लवकर मान टाकते, आणि शून्याखाली ती चार्ज तर करूच नये.

आज दोन बॅटऱ्यांत, पंचवीस मिनिटांत, गराजपासून जवळजवळ रस्त्यापर्यंत काँक्रीट दिसायला लागलं. जवळजवळच. कारण टोकाला पहाटेच्या प्लाऊने ढकलून ठेवलेला ढीग: मांडीएवढा उंच, मिठाच्या पाण्याने राखाडी, मध्ये नारळाएवढे बर्फाचे गोटे. पाती त्यावर खडखडली आणि मोटर बंद पडली. यंत्र गराजमध्ये टेकवलं, खुंटीवरचं जुनं लोखंडी फावडं काढलं.

त्या चार फुटांना पाऊण तास लागला.