मे महिना आणि कटिंग मशीन

अकोल्यात पारा ४५ अंशांवर गेला की क्रिकटसारख्या घरगुती कटिंग मशीनची चिकट मॅट आधी कुरकुरते. गोंद मऊ पडतो, कार्डशीट सोलताना तिचे पापुद्रे मॅटवरच राहतात. मॅट उन्हात ठेवू नका.

आता या मशीनचं पातं कसं वळतं ते पाहा; अमरावतीच्या रेडियमवाल्याकडचा स्टिकर कापणारा प्लॉटरही बहुधा त्याच तत्त्वावर चालतो. पात्याला मोटर वळवत नाही. ओढलं जाताना ते आपोआप वळतं, कारण त्याचं टोक अक्षापासून साधारण पाव मिलिमीटर बाजूला असतं. पात्याच्या होल्डरमध्ये कापसाचा एक तंतू अडकला तरी पातं अडतं आणि अक्षरांचे कोपरे फाटतात. म्हणून नवं पातं मागवण्याआधी होल्डर साफ करा. पातं अ‍ॅल्युमिनियम फॉइलच्या गोळ्यात काही वेळा खुपसा. गेलेली धार परत येत नाही, पण चिकटलेला गोंद निघतो. बरेचदा तेवढ्यानंच भागतं.