बाह्य हार्ड डिस्क बंद पडते तेव्हा

पूर्वी घरातील कपाटात मुदत ठेवींच्या पावत्या, विम्याची कागदपत्रे आणि छायाचित्रांचे अल्बम असत. आज यांतील बराचसा ऐवज हाताच्या पंजात मावणाऱ्या बाह्य हार्ड डिस्कमध्ये सामावलेला असतो. बेंगळुरूसारख्या संगणकनगरीत तर ही डबी घरोघरी आढळते. लॉकरची किल्ली आपण जिवापाड जपतो. ही डबी मात्र टेबलाच्या कडेवर पडून असते. ती बंद पडल्यावरच तिच्यात काय होते याचा हिशेब सुरू होतो.

बिघाड कसा होतो?

१९५६ साली आयबीएमने बाजारात आणलेल्या पहिल्या हार्ड डिस्कमध्ये ५० तबकड्या होत्या आणि त्यांवर सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आकार कितीही घटला असला, तरी मूळ तत्त्व तेच आहे. तबकडी मिनिटाला साधारणतः ५४०० फेरे घेते आणि वाचन-लेखन करणारे शीर्ष तिला स्पर्श न करता, केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी अंतरावरून फिरत असते. चालू डिस्क हातातून निसटली, तर शीर्ष तबकडीवर आदळून पृष्ठभाग ओरखडला जाऊ शकतो. ओरखडलेल्या भागातील माहिती परत मिळत नाही. फिरते भाग नसलेल्या एसएसडी प्रकाराला ही भीती नसते. परंतु त्याही बंद पडतात, आणि अनेकदा पूर्वसूचना न देता.

प्रथम काय करावे?

दोष नेहमी तबकडीतच असतो असे नाही. म्हणून आधी केबल बदलावी, यूएसबीचे दुसरे छिद्र वापरून पाहावे, दुसऱ्या संगणकास जोडून पाहावे. पुष्कळदा प्रश्न येथेच सुटतो.

डिस्कमधून ‘टक् टक्’ किंवा घासल्यासारखा आवाज येत असल्यास ती त्वरित काढून ठेवावी. अशा वेळी वारंवार सुरू करून पाहणे म्हणजे जखमेवर चालत राहणे होय. डिस्क शीतकपाटात ठेवण्याचा घरगुती उपाय करू नये. आत दव धरून हानी वाढते. डिस्क घरी उघडूही नये, कारण धुळीचा एक कणही शीर्षाच्या वाटेत अडथळा ठरतो. हे काम धूळमुक्त कक्षातच होते आणि ते खर्चिक असते.

आवाज नाही, डिस्क संगणकास दिसते, परंतु ‘फॉर्मॅट करावे काय?’ अशी विचारणा होते, तेव्हा उत्तर ‘नाही’ असेच द्यावे. माहिती परत मिळविणारी संगणक-प्रणाली वापरायची झाल्यास मिळालेल्या फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवाव्यात. त्याच डिस्कवर लिहिल्यास उरलेली माहितीही पुसली जाते.

कशासाठी किती खर्च करावा?

खर्चाचा निर्णय घेण्यापूर्वी दोन याद्या कराव्यात. खाते उतारे बँकेकडून पुन्हा मिळतात. नोंदणीकृत खरेदीखताची प्रमाणित प्रत उपनिबंधक कार्यालयातून मिळते. २०१५ साली सुरू झालेल्या डिजिलॉकरमधून आधार, वाहन परवाना यांसारखे दस्तऐवज उतरवून घेता येतात. ही झाली पहिली यादी. दुसऱ्या यादीत कै. वडिलांचा आवाज, लग्नाचे चित्रीकरण, मुलांचे बालपण. त्यांची दुय्यम प्रत कोणतेही कार्यालय देत नाही. पैसा खर्चायचा तो या दुसऱ्या यादीसाठी. वॉरंटीवर विसंबू नये. तिच्यात सामान्यतः डिस्क बदलून मिळते, आतील माहिती नव्हे.

गोपनीयतेचा प्रश्न

बेंगळुरूचा सदर पत्रप्पा रोड, म्हणजे सर्वांच्या परिचयाचा एस. पी. रोड, संगणकाच्या सुट्या भागांसाठी प्रसिद्ध आहे. दुरुस्ती तेथे करा वा अन्यत्र. डिस्क परक्या हाती देताना तिच्यातील पॅन, आधार आणि स्वाक्षरीच्या प्रतीही त्या हाती जातात. म्हणून लेखी पावती घ्यावी. डिस्कवर पासवर्ड लिहून ठेवले असल्यास ते आधी बदलावेत. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झालेले नुकसान, तो बँकेस कळवीपर्यंत, ग्राहकानेच सोसावे असे तत्त्व घालून दिले. कायमची निकामी डिस्क भंगारात न देता, तबकडी नष्ट करून अधिकृत ई-कचरा केंद्राकडे सोपवावी.

तहान लागण्यापूर्वी विहीर

जाणकार ‘तीन-दोन-एक’ हा नियम सांगतात : माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक घराबाहेर. सप्टेंबर २०२२ मध्ये मुसळधार पावसाने बेंगळुरूच्या बेलंदूर व बाह्य वर्तुळाकार मार्ग परिसरात घरे-कचेऱ्यांत पाणी शिरले. संगणक आणि त्याची प्रत असलेली डिस्क एकाच टेबलावर असेल, तर अशा वेळी दोन्ही एकदमच बुडतात. बाहेरची प्रत क्लाउडमध्ये ठेवता येईल, गावी भावाकडे ठेवता येईल किंवा बँकेच्या लॉकरमध्येही. मात्र वर्षातून दोनदा ती उघडून पाहावी, कारण न तपासलेली प्रत ही शिल्लक न पाहता काढलेल्या धनादेशासारखी असते.

सगळी बचत एकाच ठिकाणी गुंतवू नये, असा सल्ला आम्ही ग्राहकांना नेहमी देतो. आठवणींची ठेवही त्याच न्यायाने विभागून ठेवावी.